पुराच्या काठावरचा डाकवाला

आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या बाई वर्गात चालत शिरायच्या नाहीत, पळत शिरायच्या. पदर खोचलेला, खांद्यावर गोणपाटाची थैली, हातात घुंगरं बांधलेली काठी. "वाट सोडा! डाक आली!" शेजारच्या वर्गात मी गणित शिकवत असे. अशा शेजारात अपूर्णांक शिकवून बघा एकदा, म्हणजे कळेल.

रेल्वे-मोटारींच्या आधी पायी टपाल नेणाऱ्या डाकवाल्यांची गोष्ट त्या सांगत. एकानं आपल्या टप्प्यापर्यंत पळायचं, तिथं पुढच्याच्या खांद्यावर थैली द्यायची. वाटेत आंबा घाटातली दाट झाडी.

"बाई, वाघ आला तर?"

"आला तर आला! कोकणातली माणसं टपालाची वाट बघत्यात की!"

एकदा मुख्याध्यापक वैतागले. "बाई, परीक्षेत हे दोनच मार्काला येतं."

"मार्क दोनच हैत सर, पण माणसं लई पळालीत," बाई म्हणाल्या आणि वर्गाकडं वळल्या.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. शाळेनं ऑफिसातलं काम देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. मीही समजावलं, "बाई, आता जिवाला जपा." त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गोष्ट नदीवर अडकलीया.'

खरंच अडकली होती. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी डाकवाल्याला पंचगंगेच्या काठावर आणून सोडलं होतं. पूर आलेला, नावाडी पळालेला. त्या पुन्हा वर्गावर आल्या त्या दिवशी काळजीनं मी त्यांच्या वर्गाच्या दारात थांबलो. बाईंनी थैली पहिल्या बाकावरच्या पोराच्या खांद्यावर टाकली आणि खूण केली, सांग.

पोरगं बावरलं, पण बोललं. थैली बाकाबाकानं मागं सरकली. कुणी डाकवाल्याला पोहायला लावलं, तर बाईंनी थैलीकडं बोट दाखवलं. टपाल भिजेल ना! शेवटी ती मागच्या एका मुलीकडं आली. हजेरीखेरीज कधी तोंड न उघडणारी पोर. तिनं थैली छातीशी धरली. वर्ग चुळबुळला. बाई जागच्या हलल्या नाहीत, दुसऱ्या कुणाकडं त्यांनी बघितलंही नाही.

"काहील," ती हळूच म्हणाली. "गुऱ्हाळातली, गूळ करायची मोठ्ठी कढई. आमच्या आज्जीला पुरातनं तसल्याच काहिलीत बसवून काढलं हुतं. डाकवाला काहिलीत बसला आन् पल्याड गेला की."

बाईंनी टेबलावर असा हात आपटला की खडू उडाला. हसल्या, पण आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं.

आवाज पुढं परतला तो कुजबुजीपुरताच. निवृत्तीपर्यंत त्या अशाच शिकवत राहिल्या. आता तो वर्ग शांत असतो, आणि माझं गणित रंगत नाही.

गेल्या महिन्यात नेसरीला त्यांच्या घरी गेलो. पुढच्या सोप्यात गल्लीतली पोरं बसली होती. एक चिमुरडी उभी राहून तावातावानं कुठल्याशा लढाईची गोष्ट सांगत होती आणि बाई तिच्यासमोर मांडी घालून ऐकत होत्या.

"बाई!" मी हाक मारली.

त्यांनी वळूनही न बघता हात वर केला. थांबा.

मी हातातली केळी तशीच धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.