गारा खालून वर जात नाहीत

गेनूभाऊ मिस्त्री कुणाच्या घरी गेले की आधी माणसाकडे पाहत नसत, छपराकडे पाहत. यजमान "या, बसा" म्हणत असायचा आणि यांची मान वर, एक डोळा बारीक. जणू त्या वाशांमध्ये कुणीतरी लपून बसलंय आणि यांना ते कळलंय. पाण्याचा तांब्या पुढे आला तरी आधी प्रश्न, "ह्यो वासा कवा बदलला?" उत्तर पटलं तर घोट.

माझी त्यांची गाठ पडली ती चैत्रातल्या गारपिटीनंतर. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेवीस वर्षांची होते आणि खांद्यावरच्या पिशवीत आमच्या संघटनेची पत्रकं होती. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडची एक वस्ती. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांना अजून एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहायचं आहे. फुटलेल्या घरांचे पंचनामे व्हावेत, भरपाई मिळावी म्हणून मी तिथे मुक्काम ठोकला होता आणि वस्तीने कौलं चाळायला, म्हणजे फुटकी काढून धड बसवायला, पिंपरी पेंढारहून गेनूभाऊंना बोलावलं होतं. मी त्यांना पत्रक दिलं. मथळा माझाच: 'गारपिटीने वस्ती उद्ध्वस्त, प्रशासन झोपेत!' त्यांनी ते वाचलं, पालथं करून कोरी बाजूही पाहिली.

"ताई, कुठल्या छपरावर चढला व्हता तुमी?"

"चढले नाही. लोकांनी सांगितलं."

"मंग 'उद्ध्वस्त' कोन म्हनलं? लोक का तुमी?"

मला राग आला. सरकारला जाब विचारायला आलेली मी, आणि हा माणूस मलाच जाब विचारत होता.

पण माणूस बघण्यासारखा होता. साठी उलटलेली, हाडं मोजून घ्यावीत असा सडपातळ, गुडघ्यावर धोतर खोचलेलं. घाटघरच्या धो धो पावसातली घरं त्यांनी शाकारली होती, आंबेगावातलीही. गारांनी छप्पर फुटलंय का हे पाहायचं तर ते लगेच वर चढत नसत, आधी अंगणात हिंडत. पाण्याच्या पिंपावरचं पत्र्याचं झाकण उचलून उन्हात तिरकं धरायचे. "हितं पोचं किती खोल हायेत बघा. पत्र्याला लबाडी जमत न्हाई." मग भिंतीचा गिलावा कोणत्या अंगाला उडालाय ते पाहायचे, म्हणजे गारा कुठून आल्या ते कळायचं. मग भर दुपारी घरात शिरून दारं-खिडक्या लावायला सांगायचे आणि अंधारात वर बघत उभे राहायचे. जिथून उजेडाची सुई आत येई तिथे बोट. सगळ्यात शेवटी शिडी. कौलांवर ते कधी उभे राहिले नाहीत. पोटावर सरकत जायचे, भार वाशावर. बोटाच्या पेराने एकेक कौल वाजवायचे. धड कौल खणखणतं, तडकलेलं बद्द बोलतं. तरी शंका राहिली तर तांब्याभर पाणी ओतायचे. बाकीचं कौल वाळायचं आणि तड असेल तिथे ओली काळी रेघ मागे राहायची.

"गार पडली म्हनून सांगनारं लई," ते म्हणायचे, "कुठं पडली ते सांगनारं कमी."

फुटलेल्या घरांच्या माझ्या यादीत पहिलं नाव होतं बबनरावांचं. वस्तीतलं वजनदार घर, गारपीट समितीचे अध्यक्ष. माझा मुक्काम त्यांच्याच ओसरीवर होता. त्यांची कौलं चाळायला गेनूभाऊ वर गेले. मग आढ्याजवळून आवाज आला.

"बबनराव, तुमच्याकडं गारा घरातनं वर गेल्या का वो?"

"काय म्हनता मिस्त्री?"

"न्हाई, कौलाचं तुकडं समदं छपरावर पडल्यात. घरात खापरी न्हाई. गारेनं फुटलं तर तुकडा खाली पडतो, राव. मुसळानं खालनं ढोसलं तर वर उडतो."

अंगणात जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बबनराव म्हणाले, "मिस्त्री, वय झालंय तुमचं. खाली या, च्या घ्या." गेनूभाऊ खाली आले. चहा घेतला नाही.

खरं सांगते, मला बबनरावांचा नाही, गेनूभाऊंचा संशय आला. सरकार पंचनामे टाळायला काय काय करतं यावर मी भाषणं केली होती. हा माणूस तलाठ्याचा तर नसेल? नेमका आत्ता, नेमका आमच्या अध्यक्षांच्याच घरावर बोट का ठेवतो? मी तोंडावर विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"पाऊस येतो त्या बाजूचा," ते म्हणाले आणि शिडी खांद्यावर घेऊन चालू लागले. मी बबनरावांचं नाव यादीत ठेवलं.

दोन दिवसांनी तलाठी भाऊसाहेब आले. खुर्चीवर बसून, अंगणातूनच, भराभर. हौसाबाईंच्या घरापाशी आले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'घर सुस्थितीत.' मी हबकले. हौसाबाई विधवा, एकट्या, एका म्हशीच्या जिवावर जगणाऱ्या. त्यांच्या घरात गारपिटीच्या दिवशी गुडघाभर खापऱ्या पडल्याचं अख्खी वस्ती सांगत होती. आणि आता पाहते तर अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली आणि छप्पर अखंड!

"हौसाबाई, फुटलेली कौलं कुठायत?"

"फेकली वढ्यात," त्या लाजून म्हणाल्या. "साएब घरी यायचं, वर भोकं दिसली तर बरं दिसतं का? गोठ्याची कौलं काढून घरावर टाकली दिरानं. म्हस हाय झाडाखाली."

गोठ्यावर नुसत्या लाकडी रिपा उरल्या होत्या. भाऊसाहेब म्हणाले, "गोठा माझ्या आजच्या कागदात नाही. घर धड आहे." मी तोंड सोडलं. मग्रूर, बेदरकार, गरिबांचे वैरी. पत्रकातले सगळे शब्द संपवले. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मृगाच्या आत त्या गोठ्यावर कौलं पडली नाहीत तर म्हैस विकावी लागणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

गेनूभाऊ शेजारच्या घराच्या शिडीवरून सावकाश उतरले. "भाऊसाएब, मलाबी त्यांचं खरं वाटत न्हाई," ते म्हणाले. "चला, आत जाऊन बघू."

भाऊसाहेबांना हे आवडलं. आम्ही सगळे आत गेलो. एकच खोली, कोपऱ्यात चूल. गेनूभाऊंनी वर बोट केलं.

"चुलीच्या धुरानं ह्या घरातलं कौल खालनं कसं व्हतं?"

"काळं," भाऊसाहेब म्हणाले.

"आन् ती लाल कुठनं आली?"

काजळीने मढलेल्या छपरात, गारा आल्या त्या अंगाला, स्वच्छ लाल कौलं ठिगळांसारखी दिसत होती. गोठ्यात चूल नसते. लाल कौल म्हणजे बदललेलं कौल, आणि बदललेलं कौल म्हणजे फुटलेलं कौल. भाऊसाहेब मान वर करून एकेक मोजत राहिले. मग ओसरीत येऊन त्यांनी आधीची ओळ खोडली.

"पण ताई," ते मला म्हणाले, "ही यादी तुमची. 'सर्व घरे स्वतः पाहिली, खरी आहेत' असं लिहून सही करा. एक जरी खोटं निघालं तर अख्खी यादी परत. हौसाबाईंसकट."

पहिलं नाव बबनरावांचं. बबनराव दारातच उभे होते, माझ्याकडे बघत. गेनूभाऊ माझ्याकडे बघतही नव्हते. पायातली खापरी काढत बसले होते. मी पेन घेतलं आणि ते नाव खोडलं. बबनराव पाठ फिरवून निघून गेले. मी सही करायला कागद पुढे ओढला.

"थांबा," गेनूभाऊ म्हणाले. "बाकीची घरं सोता बघितली का? तसं लिवायचंय नव्हं? हौसाबाई, भाऊसाएबांना च्या टाका. ताई वर जात्यात."

भाऊसाहेब तीन चहा प्यायले. मी परकर-साडी खोचून सगळ्या शिड्या चढले, गेनूभाऊंनी खालून धरल्या, आणि मग सही केली. हौसाबाईंची म्हैस मृगाच्या आधी गोठ्यात गेली.

त्या संध्याकाळी माझी पिशवी बबनरावांच्या ओसरीबाहेर ठेवलेली होती. मी एसटीची वाट बघत फाट्यावर उभी होते. गेनूभाऊ सायकल हातात धरून तिथे आले.

"ताई, मी सांगूनबी बबनरावचं नाव का ठिवलं व्हतं?"

मी खूप विचार केला. मोठमोठी उत्तरं सुचली. शेवटी खरं तेच सांगितलं. "त्यांच्या घरी जेवत होते."

ते सायकलवर बसले. "मंग फुडच्या गावाला भाकरी संगं न्या."

पुढे काही वर्षांनी ते गेले. मला कळलं तेव्हा दिवसही होऊन गेले होते. आमच्या संघटनेतली मुलं अजून मला हसतात. गाव कितीही अगत्याचं असो, मी पंगतीच्या कडेला माझं भाकरीचं फडकं सोडून बसते.