दोन बोटं खाली

आज विश्रांतीचा दिवस. लॉजच्या व्हरांड्यात आमच्या चारही सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाकीचे तिघं झोपले होते. मी चेनला तेल देता देता विलासच्या सायकलीकडे बघत होतो.

काल दिवसभर वारा समोरून होता. अशा वाऱ्यात आळीपाळीनं पुढे राहायचं, मागच्यांना आडोसा द्यायचा, हा आमचा नेम. विलास सत्तर किलोमीटर माझ्या मागच्या चाकाला चिकटून आला आणि गाव दिसताच मला मागे टाकून सुसाट पहिला पोचला. वर फोटोही माझ्याकडूनच काढून घेतला.

दमलेलं शरीर लवकर माफ करतं, कारण त्याला झोपायचं असतं. विसावलेलं शरीर मात्र एकेक गोष्ट आठवत बसतं. पायांना सुट्टी मिळते, रागाला नाही.

सीट थोडी खाली गेली की गुडघे दिवसभर कुरकुरतात आणि कारण लवकर कळत नाही. मी पाना घेतला आणि विलासची सीट एक बोट खाली केली. मग लाज वाटली. इतक्या वर्षांचा मित्र. पुन्हा वर घ्यायला बोल्ट सैल केला, तेवढ्यात विलासच जांभई देत बाहेर आला.

"माझीपण बघतोयस? देवमाणूस आहेस," तो म्हणाला. "उद्याही वारा समोरूनच आहे रे. तू राहा पुढे, मी आहेच मागे."

"ये ना," मी म्हणालो.

तो चहा सांगायला आत वळला. मी सीट आणखी एक बोट खाली घेतली आणि बोल्ट घट्ट आवळला.