मोकळंऽऽ!

मुळशीतल्या आमच्या नांदे गावाच्या वरच्या दगडखाणीत दुपारी, जेवायच्या सुट्टीत, सुरुंग उडवतात. आधी शिट्टी, मग धडाका. धूळ खाली बसली की कोणीतरी जाऊन दगडात भरलेले सगळे बार फुटलेत का ते बघायचं आणि हाळी द्यायची, "मोकळंऽऽ!" माझ्या लहानपणी ही हाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, द्यायचे. ती ऐकली की आई तवा चुलीवर टाकायची. आण्णा दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची.

एका दुपारी एक बार फुटायचा राहिला. आण्णा घाईनं बघायला गेले आणि तो तेव्हाच फुटला. त्या दिवशी हाळी आलीच नाही. आईच्या लेखी तो सुरुंग अजून संपलेला नाही. दुपारी ती तवा तापवत नाही, सकाळची गार भाकरी खाते. धडाका झाला की उंबऱ्याशी कान देऊन उभी राहते. दुसरं कोणी ओरडलं की "ह्यो न्हवं" म्हणते आणि आत जाते.

म्हणून मी कम्युनिटी कॉलेजात खाणकाम आणि पेट्रोलियम शिकायला गेले. मुळशीत तेल फक्त पंपावर मिळतं, तरी आम्ही समुद्राखालच्या तेलविहिरी पाठ केल्या. "पोरीनं दगडं फोडायची व्हय?" म्हणून भावकीनं नावं ठेवली. ठेवा म्हटलं! आईचा तो सुरुंग एकदाचा संपावा, एवढंच मला हवं होतं. न फुटलेल्या बाराजवळ कधी जायचं, हा प्रश्न परीक्षेला येतोच. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले आणि मी कॉलेजच्या बाथरूममध्ये ढसाढसा रडले.

आज प्रॅक्टिकलसाठी आम्हाला त्याच खाणीत पाठवलं. बार फुटले. सुपरवायझर सगळीकडे फिरून आले आणि मला म्हणाले, "आता म्हैनाभर हाळी तूच द्यायची." मी तोंडाभोवती हात धरले आणि ओरडले. सुरुवातीला जरा अडून मग लांबवलेला तो सूर ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. मी आण्णांची नक्कल करायला गेले नव्हते, सूर आपसूक तसा निघाला.

सुट्टीत घरी धावत सुटले. तवा तापलेला होता, भाकरी टम्म फुगली होती आणि आईनं ताट वाढलं होतं. आनंदानं मी उंबऱ्यातूनच म्हणाले, "आई, मीच ओरडले गं!"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघत तिनं डोक्यावर पदर घेतला. "आज लई येळ लावला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाजल्यासारखी बोलत होती. "हात धुवा."

मी दारातून बाजूला सरकले. भाकरी गार होईपर्यंत आम्ही दोघी थांबलो. मला भीती वाटत होती. उद्या पुन्हा सुरुंग आहे आणि हाळी मलाच द्यायची आहे.