ताप नव्हता म्हणून

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे 'कात्री' म्हणतात. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात ती कापड कापते, पण नाव पडलं ते जिभेमुळे. त्या जिभेलाही गेल्या वर्षी एका डॉक्टरनं गप्प बसवलं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

मावशीला सांधेदुखीचा जुना आजार. तिच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्या सांध्यांवर उठतात, म्हणून त्यांना आवरायच्या गोळ्या ती घेते. तशात तिला खोकला झाला, जिना चढताना धाप लागू लागली. ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं थर्मामीटर लावला आणि मान वरही न करता म्हणाला, "ताप नाही. कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही."

"मी सांध्यांच्या गोळ्या घेते, डॉक्टर."

"सांध्यांचा आणि खोकल्याचा काय संबंध? जा, टेबल रिकामं पडलंय."

छातीला नळी लावायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत. मावशी कापड कापत राहिली आणि त्याच आठवड्यात टेबलापाशीच कोसळली. ओठ निळे पडले होते.

मोठ्या रुग्णालयात छातीचा फोटो काढला. न्यूमोनिया. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवून समजावलं, "जंतू फुप्फुसात शिरले की पांढऱ्या पेशी रक्तातून तिथं धावतात, जंतूंना गिळतात. ताप चढतो तोही त्यांच्याच इशाऱ्यानं. गोळ्यांमुळे यांच्या पेशीच कमी पडल्या. मग ताप कुठून येणार? जंतूंना रान मोकळं मिळालं."

"मग ताप नाही म्हणून परत पाठवलं, ते?"

"गोळ्यांचं ऐकल्यावर तरी छाती तपासायला हवी होती," एवढंच त्या म्हणाल्या.

सांध्यांच्या गोळ्या थांबवल्या, शिरेतून औषध सुरू झालं. मावशीची बोटं इतकी सुजली की पेला मला धरावा लागे. मग एका दुपारी तिला ताप भरला. मी धावत डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं, पण रक्ताचा रिपोर्ट पाहून त्यांचा चेहरा खुलला. पेशी वाढल्या होत्या. हळूहळू श्वास मोकळा झाला.

कामावर परतल्यावर मावशी आधी दवाखान्यात गेली. मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाला, "तेव्हा ताप नव्हता ना, बाई. मी काय करणार?"

"माझं ऐकायचं होतं," मावशी म्हणाली.

माफीचा शब्द नाही. तो अजून त्याच खुर्चीत आहे. आता कुणी बाई खोकताना दिसली की मावशी तिला कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचारते आणि तिच्याबरोबर आत जाते. सुपरवायझरनं एकदा हटकलं. "हिची छाती तपासून झाली की येते," म्हणाली, आणि तिथंच उभी राहिली.