आले नाहीत ते बरे

सत्तर सालानंतरची गोष्ट. कर्जतच्या एका दवाखान्यात मी केसपेपर लिहायचे. आमच्या डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं, की घोटा मोडला तर प्लास्टर पुरे, ऑपरेशन नको. पुण्याला परिषदेत निबंध वाचायचा होता त्यांना. प्लास्टर काढल्यावर तीन महिन्यांनी पेशंटला बोलवायचं, आणि बरा की अधू ते मी वहीत लिहायचं.

प्लास्टर घालणारे तेच, तपासणारेही तेच. आपणच परीक्षेला बसायचं नि आपणच मार्क द्यायचे! "दुखत नाही ना?" असं विचारायचे. आता आमच्याकडचं माणूस डॉक्टरांच्या तोंडावर दुखतं म्हणेल का? इतकं केलं त्यांनी, वाईट वाटेल, म्हणून "नाय, बरा हाय" म्हणायचं आणि लंगडत बाहेर पडायचं. आणि जे आलेच नाहीत त्यांचं काय? डॉक्टर म्हणाले, "दुखत असतं तर आले असते. बरे लिहा." निम्मी वही मी अशी भरली.

त्यातच माझी थोरली बहीण. चौक गावाच्या आतल्या अंगाला एका खेड्यात दिली होती तिला. भाताच्या आवणीच्या दिवसांत बांधावरून घसरली. प्लास्टर घालताना पाय मीच धरला होता. तीन महिन्यांनी ती आली नाही. दाजी बाजारात भेटले, म्हणाले, "बरी हाय, सैपाकपानी करते." कापणीत अडकली असेल, म्हटलं, आणि वहीत 'बरी' लिहून टाकलं.

शिमग्याला गेले, तर ताई ओटीवरून चुलीकडे बसून सरकत होती. पाऊल बाहेर वळलेलं. माझं डोकंच फिरलं.

"अगं, तपासायला आली का नाहीस?"

"येडी का खुळी तू? रस्त्यापत्तुर दीड कोस चालायला नको? पाय बरा असता तर आले असते."

दुसऱ्या दिवशी बैलगाडी, मग एसटी, असं करत तिला कर्जतला आणली. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "हाड प्लास्टरमध्येच सरकलंय. तीन महिन्यांनी आणली असती तर सरळ करता आलं असतं. आता सांधा गेला."

मी म्हटलं, "साहेब, न आलेल्यांच्या घरी जाऊन बघते, रजा टाकून. तोवर निबंध वाचू नका."

"एका बाईनं निष्कर्ष बदलत नाही," ते म्हणाले. "आणि यांचं नाव बऱ्यांमध्येच आहे."

जळो मेला तो निष्कर्ष! तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडणार कुणावर? अक्षर माझंच होतं.

ताई बाकावर बसून सगळं ऐकत होती.

"मी बरी झाले असं कुनी लिवलं गं?"

"मी," म्हटलं.

तिनं वळलेलं पाऊल लुगड्याखाली ओढून घेतलं. मग हळूच म्हणाली, "येकदा मला तरी इचारायचं व्हतंस."