भिंती खरवडणारे मामा

जागा दाखवायला नेलं की लेव्हलमामा जागेकडे बघतच नसत. खांद्यावर लेव्हल बघायची पाण्याची नळी, हातात थापी. तसेच शेजारच्या घरात शिरायचे आणि भिंतीचा रंग खरवडायचे. सांगलीत गवंडी पुष्कळ, पण परक्याची भिंत खराब करणारा हा एकच.

मी आठवीत शाळा सोडून सोन्याच्या गलाईला, म्हणजे सोनं वितळवून शुद्ध करायच्या कामाला, तमिळनाडूत आलेला माणूस. त्या वेळी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेलो होतो. आई भाड्याच्या खोलीत राहायची, तिला स्वतःचं दार द्यायचं होतं. एजंटाने नदीकडचे दोन गुंठे दाखवले. नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "निळ्या पूररेषेच्या बाहेर हाय. बिनघोर बांधा." मी मनातल्या मनात तुळशीवृंदावनही बांधून टाकलं.

मामांनी शेजारच्या म्हातारीची भिंत खरवडली. ताज्या चुन्याखाली, छातीइतक्या उंचीवर, गाळाचा पट्टा निघाला.

"ही रेघ मग कुणी वढली, साहेब? पोरांनी?"

एजंट मोबाईल चाळू लागला. मला सुट्टी संपायची धास्ती. म्हणालो, "मामा, मुरमाचा भराव टाकू. चार फूट उचलू."

"आन् तुझ्या वाटणीचं पाणी? ह्या म्हातारीच्या चुलीत सोडतूस व्हय? आठवीत थांबलास ते बरं झालं रं. आनखी शिकला असतास तर ओढाच बुजवला असतास."

माझे कान तापले. पण मामांचा तुच्छपणा सगळ्यांना सारखाच. भराव घालून उठवलेल्या बंगल्यांना ते 'उकिरड्यावरचे कोंबडे' म्हणत. गटारावर फरशी टाकून गाडी लावणाऱ्याशी तर बोलतही नसत.

शेवटी त्यांनीच चढावरची एक मुरमाड, कुरूप जागा शोधली. जोत्याची पातळी तीनदा तपासली, अंगणाचा उतार चराकडे काढला. त्या चरासाठी माझीच तीन फूट जागा मोकळी सोडायला लावली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "पाय कसले बघतूस? उतार बघ."

सुट्टी संपली, घर मामांनी माझ्या माघारी पुरं केलं. पुढच्याच पावसाळ्यात पूर आला. मी इकडे फोन हातातून सोडत नव्हतो. आई म्हणाली, घर कोरडं आहे आणि ओसरीत एजंट बायकापोरांसकट बसलाय. कोपऱ्यात लेव्हलमामाही, नळीसकट. तेव्हा मला कळलं, मामांची खोली ओढ्याला लागूनच होती. तेवढंच भाडं त्यांना परवडायचं.

एजंटाने चहा पिता पिता डिवचलं म्हणे, "मामा, लोकांच्या भिंती उकरल्या, आन् स्वतः ऱ्हायला तिथंच?"

"व्हय. पन माझी भित मी कवा रंगवली न्हाई," मामा म्हणाले आणि बशी पुढे केली.

मामा गेले तेव्हा मला रजा मिळाली नाही. त्यांची नळी आईने आमच्या ओसरीत खुंटीला लावली आहे.

परवा इथे खोली बदलली. मालकाने कौतुकाने नवा निळा रंग दाखवला. त्याची पाठ वळताच मी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीशी खाली बसलो.