वाचून न दाखवलेली चार वाक्ये

ही हकीकत मी आजवर कोणासही सांगितलेली नाही — पत्नीस नाही, शेजारच्या टेबलावरील मुद्रांकवाल्यासही नाही. तुम्हांस सांगतो आहे, म्हणून आपण फार विश्वासू आहोत असे समजू नका.

अकोल्यात कचेरीच्या भिंतीलगत मी सव्वीस वर्षे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत; तरी माझ्या मसुद्यावर बोट ठेवण्याची एकाही पदवीधर कारकुनाची प्राज्ञा झाली नाही. ठेवणार कसे? त्यांना धड वाचता तरी येते का?

बोट ठेवले ते एका मुलीने. अमरावतीला संशोधन करीत होती. नाव सांगत नाही. अकोटजवळच्या एका गावतलावाच्या दलदलीतून चिखल नेण्यासाठी तिला परवानगीचा अर्ज हवा होता. चिखल! लोक माझ्याकडे वारसनोंदीसाठी येतात, ही चिखलासाठी आली. त्यात म्हणे तिला एक जिवाणू गवसला होता, जगात कोणीच न नोंदवलेला. काचेच्या थाळीत त्याचे फिकट गुलाबी ठिपके उमटत. जवळच्या सगळ्या भाईबंदांशी ताडून तो निराळा ठरला होता. पण नाव मिळण्याआधी अशा जिवाचे जिवंत नमुने दोन देशांतील संग्रहांत ठेवावे लागतात — आणि तिच्याकडचा नमुना मेला होता. तो त्याच चिखलातून पुन्हा शोधायचा होता. नाव मात्र तिने ठरवून ठेवले होते, त्या गावाचेच.

मी कच्च्या मसुद्यात 'रोगजंतू' लिहिले. तिने पाचसहा अर्जदारांदेखत माझ्या हातचे पेन घेतले आणि 'रोग' खोडला. "काका, सगळेच रोगाचे नसतात. हा तं बिचारा पानं कुजवते." लोक हसले. हसणारे कोण — तर ज्यांना स्वतःची सही करता येत नाही ते!

एवढेच घडले. होय — एवढ्यासाठीच.

पंधरवड्याने त्याच गावच्या, भाजी पिकवणाऱ्या वेणूबाई आठ जणांना घेऊन आल्या. तलावाचे पाणी हिरवे पडले होते, गुरे तोंड लावीत नव्हती. तलाव साफ करून हवा होता. साधा अर्ज. मी तो टाइप केला आणि मध्ये चार वाक्ये माझ्या पदरची घातली — की एक परकी तरुणी घरी जंतू वाढवते, सदर तलावात आणून सोडते, त्यामुळेच पाणी नासले, तिला प्रतिबंध व्हावा.

आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. अंगठा घेण्यापूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि खाली लिहायचे — मजकूर वाचून दाखविला, अर्जदारांस मान्य आहे. त्या दिवशी मी खणखणीत आवाजात वाचले. ती चार वाक्ये गाळली.

"भाऊ, कागदावर तं लय दिसते," वेणूबाई म्हणाल्या, "वाचलं थोडंसंच."

सरकारी भाषा लांबलचक असते, असे मी म्हणालो. नऊ अंगठे उमटले. मी कोठेही सही केली नाही — तेवढी अक्कल मला होती.

चौकशी लागली. मुलीला तलावावर जाण्यास मनाई झाली. खुलासा लिहून घेण्यासाठी ती कोणाकडे आली असेल? माझ्याचकडे. हातात त्या अर्जाची प्रत. सर्वांत वर वेणूबाईंचा अंगठा. त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, ती पाण्यात उतरायची, त्यांच्याच भाकरीवर तिची दुपार निघायची. बराच वेळ ती त्या अंगठ्याकडेच पाहत राहिली.

"काका, वेणूमावशीनं माह्या विरोधात अंगठा काहून देला असन?"

तेव्हा सांगता आले असते. मी म्हणालो, "अडाणी लोक आहेत. त्यांचे काय मनावर घ्यायचे?"

चौकशीत काही निघाले नाही. निघणार काय होते? पण तोवर उन्हाळा आला, अर्जातील खऱ्या मागणीप्रमाणे पोकलेन आले आणि काठची सगळी दलदल खरवडून घेऊन गेले. मनाई उठल्यावरही ती त्या गावात गेली नाही. तिच्या सरांनी दुसऱ्याकरवी चिखल आणवला. त्यात तो गुलाबी ठिपका उमटला नाही. तिने संशोधन सोडले. अमरावतीत शिकवणीवर्गात मुलांना घोकंपट्टी करवते, असे ऐकतो.

मी तुम्हां सर्वांना तुच्छ लेखत आलो — साहेबांना, अडाण्यांना, शिकलेल्यांना. आजही लेखतो. पण नऊ माणसांचे अंगठे चोरून एका पोरीच्या वाटेत ठेवणारा क्षुद्र माणूस त्या भिंतीलगत एकच बसतो.

परवा वेणूबाई आल्या होत्या, रेशनकार्डाच्या कामाने. जाता जाता टेबलाशी थांबल्या. "भाऊ, त्या पोरीनं येनंच सोडलं. आमचं काई चुकलं का?"

मी म्हणालो, "मोठी झाली ती. विसरली तुम्हाला."

"विसरू दे," वेणूबाई म्हणाल्या. "शिकून राह्यली ना, बस झालं."

मी होकारार्थी मान हलवली.